शेजारचा पडला तरी

आप्पा, तुम्ही पडलात तेव्हा तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस हलला नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण बाकीचं सगळं त्याच्या मागचं किंवा पुढचं आहे. शाळेच्या पटांगणात झेंडा फडकला होता, राष्ट्रगीत सुरू होतं, आणि गावातल्या पाच माजी सैनिकांच्या रांगेत तुम्ही चौथे होता. पाचवे लक्ष्मणकाका, तुमच्याबरोबर एकाच दिवशी भरती झालेले. तुमचं डोकं त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर आपटलं. काकांचा सलामीचा हात कपाळाशी तसाच राहिला, नजर समोर. राष्ट्रगीत संपलं, सुभेदार श्रीपतमामांनी "विश्राम" असा हुकूम दिला, तेव्हा काका खाली वाकले. तोवर मी तिथं पोचून तुमच्या कोटाची बटणं तोडली होती.

या गोष्टीला आता तीन आठवडे होतील. लोक विचारतात, रडलीस का. रडले. दौंडला घरी, गच्चीवर कपडे वाळत घालताना, पाच-सात मिनिटं. मग उरलेले कपडे दोरीवर टाकले, कारण कंपनीची बस यायची होती. तुम्हाला हे आवडलं असतं. मला आवडतं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.

माझं काम काय आहे हे तुम्हाला कधी नीट समजलं नाही. "कुरकुंभला कंपनीत हाय," एवढंच तुम्ही लोकांना सांगायचात. मी तिथं एका केमिकल कंपनीत सेफ्टीला आहे. माणूस पडला तर काय करायचं, हे मी पगार घेऊन शिकवते. नव्या भरतीच्या पोरांना, मराठीत आणि हिंदीत. पहिलं काम, ओरडायचं. दुसरं, सायरन. टाकीत कुणी कोसळला असेल तर त्याच्यामागे उडी टाकायची नाही. आधी मास्क, आधी दोर, आधी वर दुसरा माणूस. नाहीतर एकाच्या जागी तिघं जातात.

हे तुम्हाला एकदा सांगितलं तर तुम्ही खूश झालात. "बघ, म्हंजी तुमच्यातबी लगीच हलायचं न्हाई."

मी म्हटलं, "आप्पा, आम्ही थांबतो ते पडलेल्याला वर काढता यावं म्हणून. तुम्ही कशासाठी थांबता?"

"रांगंसाठी."

"आणि रांग कुणासाठी?"

तुम्ही तंबाखूची डबी उघडलीत. तुमच्याशी घातलेला प्रत्येक वाद शेवटी त्या डबीत जायचा.

तुमच्या गोष्टी मला तोंडपाठ आहेत. आई गेल्यापासून ऐकणारी मी एकटीच उरले होते. सुट्टीला आले की जेवणं उरकायची आणि तुम्ही सुरू व्हायचात. ट्रेनिंग सेंटरला पोचलात त्याच दिवशी न्हाव्यानं चार फटक्यांत मोकळं केलेलं डोकं. शिकवणाऱ्या हवालदाराला उस्ताद म्हणायचं. उस्ताद म्हणजे देवच, फक्त हा देव शिव्या देतो. बुटाच्या टोकात उस्तादाला स्वतःच्या मिशा दिसल्या नाहीत, की ते बूट गळ्यात बांधून मैदानाला फेऱ्या. पाठीवर पिशवी बांधून पळवायचे, कोपरांवर रांगायला लावायचे, त्या सगळ्याला मिळून तुम्ही रगडा म्हणायचात. बाया माहेरच्या जेवणाबद्दल बोलतात तसं तुम्ही रगड्याबद्दल बोलायचात.

आणि मानाचा पहारा. युनिटच्या दारात क्वार्टर गार्डला उभं राहायचं, मोठा साहेब आला की सलामी द्यायची. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबकळतो, पुसायचा नाही. गालावर माशी चालते, चालू द्यायची. साहेब एकदा तुमच्यापुढं थांबले, टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं आणि काही न बोलता पुढं गेले. ती तुमच्या नोकरीतली सगळ्यात मोठी शाबासकी. "बोलला न्हाई म्हंजी एकबी चूक घावली न्हाई," तुम्ही सांगायचात. आमच्या घरातही शाबासकीची पद्धत हीच होती. दहावीचा निकाल आणला तेव्हा तुम्ही तो वरपासून खालपर्यंत वाचलात आणि घडी घालून परत दिलात.

तासन्‌तास उभं राहायची युक्तीही तुम्ही मला शिकवली होती. बुटाच्या आत बोटं हलवायची, पोटऱ्या आवळायच्या, सोडायच्या. "रगत वर चढाया पायजे. वरून कुणाला दिसत न्हाई." शाळेत प्रार्थनेला पोरी चक्कर येऊन पडायच्या, मी कधी पडले नाही.

आणि त्या येड्याची गोष्ट. ती तुम्ही सगळ्यात जास्त वेळा सांगितलीत. तुमच्या प्लाटूनमध्ये एक येडा होता. परेडीत त्याच्या शेजारचा पोरगा डुलायला लागला, तर यानं जागा सोडून त्याला धरलं. "मग?" मी विचारायचे. मग काय, तीन महिने मागच्या बॅचला टाकला त्याला. जो मागं राहिला तो आयुष्यभर मागंच राहिला.

"आणि त्यानं धरलं नसतं तर तो पडलेला मेला असता तर?"

"त्यो उस्तादाचा प्रश्न. येड्याचा न्हवं."

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. मला तो येडा आवडायचा. हे तुम्हाला सांगायची सोय नव्हती.

घर तुम्ही बराकीसारखं चालवलंत. सकाळी शिट्टी, अंथरुणाची घडी चौकोनी, घागरी एका ओळीत. नखं तपासायला मी दारात उभी राहायचे तेव्हा आई घागरींकडे बोट दाखवून म्हणायची, "ह्यांनाबी सावधान म्हणा एकदा, लई ढिल्या उभ्या हायत." तुम्ही हसायचा नाहीत, पण मिशी हलायची. एका गोष्टीवरून मात्र ती टोमणा मारायची तेव्हा काहीच हलायचं नाही. "लक्षुमणभावजी फुडं गेलं, नायब सुभेदार झालं. तुमी त्यांच्यासंगंच भरती झालता न्हवं?" तुम्ही म्हणायचात, "ज्याचं त्याचं नशीब," आणि डबी उघडायचात.

आता यवत, माझं सासर. हा विषय तुमच्या हयातीत मी तीनदा काढला. आज डबी नाही, तेव्हा पूर्ण बोलते.

माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. नवऱ्यानं माझ्या हातावर दार लावलं, चुकून नव्हे. डाव्या हाताची दोन बोटं. मी पिशवीसुद्धा न घेता यवतहून एसटी धरली, गाड्या बदलत घरी आले. तुम्ही काही विचारलं नाहीत. बांबूची कामटी तासलीत, जुन्या फेट्याचं कापड फाडलंत, बोटं जुळवून पट्टी बांधलीत. इतकी नेटकी, की पुढं यवतच्या डॉक्टरांनी विचारलं, कुणी बांधली. गाठ मारून झाल्यावर म्हणालात, "जेव आन् चल. चारची गाडी हाय."

"आप्पा, मी नाही जाणार."

"तुझी जागा तिथं हाय. एकदा जागा सोडली की माणूस जन्मभर मागं ऱ्हातो, सुमे."

आई चुलीपाशी तोंडात पदर कोंबून बसली होती. स्टँडवर मी पुन्हा म्हटलं, नाही जाणार. तुम्ही कंडक्टरला माझं तिकीट सांगितलंत आणि खिडकीतून शेंगदाण्यांची पुडी दिलीत. गाडी वळेपर्यंत तुम्ही ताठ उभे होता. मी मागे बघत होते. मला वाटत होतं की तुम्ही पळत याल. पळणं सोडा, तुम्ही हातसुद्धा हलवला नाहीत.

बोटं सरळ जुळली. त्या घरात मी आणखी सहा वर्षं काढली. मग एका सकाळी मुलाला घेऊन स्वतःच बाहेर पडले, पण तुमच्याकडे आले नाही. दौंडला खोली घेतली. आठ दिवसांनी तुम्ही आलात, नातवाला कडेवर घेतलंत, गळका नळ दुरुस्त केलात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलात. झाल्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही.

आभार मानायचे तेही इथंच मानते. मुलाला पोहायला तुम्ही शिकवलंत. मी शिफ्टला असताना त्याचं दुखणंखुपणं तुम्ही आणि आईनं काढलं. आणि माझा आवाज तुमचा आहे. कंपनीत पहिल्या ड्रिलला मी "बाहेर पडा" अशी आरोळी दिली, तर अख्खी शिफ्ट बाहेर आली, शेजारच्या प्लांटमधले दोघंही आले. मॅनेजर म्हणाले, मॅडम, तुम्हाला सायरनची गरज नाही. त्या आवाजावर मी नोकरी टिकवली. तो मी तुमच्यावर मात्र कधी पुरता वापरला नाही.

पंचवीस जानेवारीला संध्याकाळी फोनवर आपलं शेवटचं भांडण झालं. तुमची पंचाहत्तरी उलटली होती, बीपीची गोळी तुम्ही आठवण केल्याशिवाय घेत नव्हता. मी म्हटलं, "उद्या खुर्ची घेऊन बसा."

"खुर्चीवर गार्ड बसतो व्हय? मग त्याला गार्ड म्हणत न्हाईत, पाव्हणा म्हणत्यात."

"पडलात तर मी उचलायला येणार नाही."

"नको यिऊ."

तरी मी आले. सकाळी साडेसहाला गाडी काढली, शाळेत पोचले तेव्हा तुम्ही रांगेत उभे होता. काळा कोट, मेडलं, पांढरे हातमोजे. आधी सरपंचांचं भाषण झालं. ते झेंड्यानंतर असायला हवं होतं, पण त्यांना पुढच्या गावाला जायचं होतं. पाऊण तास. पोरं मातीवर बसली, बाया सावलीला सरकल्या. तुम्ही पाच जण उन्हात सावधान.

मग सगळे उभे राहिले, झेंडा फडकला, राष्ट्रगीत सुरू झालं. आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमची मान डावीकडे कलली, ती मला दिसली. गुडघा सुटला आणि तुम्ही तो पुन्हा आवळलात, तेही दिसलं. ओठ कोणत्या रंगाचे झाले होते, ते वीस पावलांवरून दिसलं. दुसरा कुणी असता तर मी तेव्हाच धावले असते. हे काम मी पगार घेऊन करते, आप्पा. पण मीही उभी राहिले. मला वाटलं, राष्ट्रगीत चालू असताना सगळ्या गावासमोर मुलीनं येऊन धरलं, तर हा माणूस मला जन्मभर माफ करणार नाही. मग तुम्ही पडलात, आणि तेव्हा मी पळाले.

डॉक्टर म्हणाले, आधी धरलं असतं तरी फरक पडला नसता. मी अपघात झालेल्या माणसांच्या घरी जाते. हेच वाक्य मीही सांगते. ते किती वेळा खरं असतं, तेही मला ठाऊक आहे.

दशक्रियेला घोडनदीच्या घाटावर मांडव, माईक आणि आपल्याकडे होतात तशी भाषणं झाली. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, इच्छा राहिली नव्हती. त्यांची नसेल, माझ्या पुष्कळ राहिल्या होत्या. शेवटी श्रीपतमामांनी माईक घेतला. या वयातही त्यांचा आवाज मैदानाच्या टोकाला पोचतो. "हवालदार बाळासाहेब पडले, पण जागा सोडली न्हाई! आन् त्यांच्या शेजारचा जवानबी हलला न्हाई! ह्याला म्हणत्यात शिस्त!" मागच्या बाजूला कुणीतरी टाळी वाजवली, मग आपण कुठं बसलोय हे त्याच्या लक्षात आलं.

शेजारचा जवान मांडवाच्या कडेला, चपलांच्या ढिगाजवळ बसला होता. लक्ष्मणकाकांसमोर पत्रावळ तशीच होती.

"काका, जेवून घ्या. तुम्हाला शुगर आहे."

"न्हाई जात घास, पोरी."

"मग घरी जा. इथं बसून काय करताय?"

मी हे वाईट बोलले, आणि बोलायचं ठरवूनच बोलले. ते उठले नाहीत. मग मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि म्हटलं, "तुमच्या बुटापाशी डोकं होतं त्यांचं. एकदा खाली बघायचं होतं."

"बघितलं व्हतं," काका म्हणाले. "डोळं खाली केलं व्हतं. मान न्हाई केली."

त्यांनी पत्रावळ बाजूला सारली.

"बाळ्या तुला त्या येड्याची गोष्ट सांगायचा न्हवं? जागा सोडल्याली?"

"शंभर वेळा."

"त्यो बाळ्याच."

आप्पा, मी सेफ्टीतली बाई आहे. कुणी काही कबूल करायला लागला की मध्ये बोलायचं नाही, हे मला कळतं. काका बोलत गेले. ट्रेनिंग संपताना शपथ घ्यायची परेड असते, कसम परेड, तिचा सराव चालू होता. काकांच्या अंगात ताप होता. आजारी आहे असं सांगितलं असतं तर मागच्या बॅचला टाकलं असतं, म्हणून त्यांनी तो दडवला. "डोळ्याफुडं काळं आलं. आन् बाळ्यानं हातातली बंदूक भुईला ठिवली, पोरी. परेडीत बंदूक भुईला! मला काखंत धरलं, सावलीला न्हेलं. उस्ताद वरडतोय, आख्खी परेड बघतीया, आन् ह्यो बसून माझ्या शर्टाची बटणं काढतोय."

काकांना काही झालं नाही. चार दिवसांनी ते कसम परेडीत उभे राहिले. तुम्हाला पंधरा दिवस रगडा आणि तीन महिने मागं. तिथं जी ज्येष्ठता गेली ती पुन्हा सापडलीच नाही. काका नायब सुभेदार होऊन घरी आले, तुम्ही हवालदार. आईचा तो टोमणा काकांच्या कानावर अनेकदा पडला असणार. तुम्ही दोघंही गप्प बसत होता.

"मला का नाही सांगितलं कुणी?" मी विचारलं.

"मी सांगणार व्हतो. तू बोटं मोडून आलतीस तवा. बाळ्याला म्हणलो, माझ्यापायी रांग मोडलीस, पोरीपायी मोड. तर म्हणला, मोडल्यावर माझं काय झालं, बघितलंस न्हवं? आन् तिला ह्यातलं कायबी सांगायचं न्हाई, तुला माझी शपथ हाय. तिला वाटंल, हलता येतं."

घाटावर लोक पानं उचलत होते. कुणीतरी मला हाक मारून विचारलं की उरलेल्या बुंदीचं काय करायचं. मी सांगितलं, शाळेत पाठवा. मग काकांना विचारलं, "आणखी काय दडवलंय?"

"त्या सकाळी म्हणला, छाती जरा धरलीया. सुमीला बोलू नको, ती लगीच दवाखान्यात न्हेती. आन् मी डुललो तर हात लावायचा न्हाई."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"कसं न्हाई ऐकायचं? आख्ख्या जन्मात त्यानं माझ्याकडं तेवढंच मागितलं."

म्हणजे हे असं झालं, आप्पा. तेव्हा काकांनी ताप लपवला, तुम्ही धरलंत, दोघं जगलात. आता तुम्ही दुखणं लपवलंत, आणि काकांनी तुमचंच शिकवलेलं पाळलं. धाकट्या पोरांनी लपवलं तर समजतं, त्यांना मागं पडायची भीती असते. पंचाहत्तरीच्या माणसाला कोण कुठल्या मागच्या बॅचला टाकणार होतं? त्या सकाळी तिघांनी तुम्हाला पडू दिलं. मामांनी शिस्त म्हणून, काकांनी मैत्री म्हणून, आणि मी तुमचा स्वभाव माहीत म्हणून. यातल्या कुणालाही दोष द्यायला गेलं की बोट तुमच्याकडेच वळतं, आणि तुम्हाला आता विचारता येत नाही.

काका निघताना म्हणाले, "मला माफ कर, पोरी." मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही, सोमवारी दौंडला या, तुमचा ईसीजी काढायचाय. आले. काढला.

गेल्या आठवड्यात शाळेत बोलावणं आलं. तुमच्या नावाची दगडी पाटी लावायची ठरली आहे. हेडबाई, श्रीपतमामा आणि लक्ष्मणकाका बसले होते. मामांनी मजकूर लिहून आणला होता. तुमचं नाव, हुद्दा, आणि खाली, "अखेरच्या श्वासापर्यंत जागा न सोडणारे वीर." मी हेडबाईंचं पेन घेतलं आणि खालची ओळ खोडली.

मामा खुर्चीतून अर्धे उठले. "का गं? खोटं हाय व्हय?"

"हो. त्यांनी एकदा जागा सोडली होती. तुमच्या शेजारी बसलेत त्यांना विचारा."

काकांनी सांगितलं. घाटावर सांगितलं त्यापेक्षा थोडक्यात, पण बंदुकीसकट. हेडबाईंच्या हातातला चहा गार झाला. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ही गोष्ट पोरांम्होरं न्यायची न्हाई. रांग मोडायची सूट दिली तर रांग कशाला म्हणायचं?"

"मामा, तुमच्या रांगेत आता चार माणसं आहेत. सगळ्यात धाकटा सत्तर वर्षांचा. अशीच शिस्त पाळलीत तर पुढच्या वर्षी रांग नसेल, नुसती पाटी असेल."

"तू शिकवू नको मला गार्ड."

"गार्ड नाही शिकवत. माणूस पडल्यावर काय करायचं ते शिकवते. त्याचा मला पगार मिळतो."

मामा लाल झाले. बोलणार होते, तेवढ्यात काका उभे राहिले. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. "सुभेदारसाहेब, एक मेला मी रांगंत हाय. पण कुणी डुललं, तर मी हलणार. आत्ताच सांगून ठिवतो. रगडा द्यायचा तर द्या."

मामांनी टोपी उचलली, डोक्यावर नीट बसवली आणि काही न बोलता बाहेर गेले. तुमच्या हिशेबानं ती शाबासकी धरायची का, ते मला कळलं नाही. पाटीवर नाव आणि हुद्दा एवढंच कोरायला दिलं आहे.

आप्पा, तुमच्यावरचा माझा राग सोपा होता. हा माणूस दगडाचा आहे, असं मी यवतच्या गाडीत बसून ठरवलं आणि पुढची तीस वर्षं त्यावर काढली. दगडाकडे कुणी काही मागत नाही. दगडाशी भांडतही नाही, वळसा घालून जातं. मी तुम्हाला वळसा घातला. सणाला आले, औषधं आणली, गोष्टी ऐकल्या, आणि जे मागायचं ते मागितलं नाही.

आता कळतंय की दगड नव्हता. एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता. मित्रासाठी त्यानं एकदा बंदूक खाली ठेवली, त्याचा दंड आयुष्यभर भरला, आणि पोटच्या मुलीसाठी पुन्हा ठेवायची वेळ आली तेव्हा तो घाबरला. मला याची दया यायला हवी, असं काकांना वाटतं. येईल कधीतरी. आज येत नाही. ज्याला हलता येतच नाही त्याचं समजू शकते. तुम्हाला येत होतं.

त्या दिवशी स्टँडवर मी "नाही जाणार" एकदाच म्हटलं. घरी एकदा आणि स्टँडवर एकदा. तिसऱ्यांदा म्हटलं नाही, कारण उपयोग नाही हे मला माहीत होतं. मला चुकीचं माहीत होतं, आप्पा, आणि ते तसंच राहावं म्हणून तुम्ही मित्राला शपथ घातली होती. तुम्हाला हलता येतं एवढं जरी मला कळलं असतं, तर मी त्या गाडीत चढले नसते. स्टँडवर, धुळीत, सगळ्या गावादेखत बसून राहिले असते. चारची गाडी गेली असती, सहाची गेली असती. तुम्ही हलेपर्यंत मी उठले नसते.